खरखर शोधणाऱ्या वन्सं

आमच्या वन्सं कुणाकडे गेल्या की आधी चपला काढतात, मग घरातल्या सगळ्यांची नीट चौकशी करतात, आणि पाण्याचा पेला हातात यायच्या आत म्हणतात, "जरा तो पंखा बंद करता का?" पंख्यानंतर टीव्ही, टीव्हीनंतर फ्रीज, मग जिन्यातला दिवा. घरची माणसं एकेक बटण बंद करत जातात आणि वन्सं कानांवर हेडफोन चढवून, हातातली फणीसारखी अँटेना फिरवत स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत सगळं घर पालथं घालतात. शेवटी एखाद्या कोपऱ्याशी थांबतात, मान तिरकी करतात आणि म्हणतात, "हं. सापडला." बहुतेक वेळा ती दारावरची घंटी असते, नाहीतर माशांच्या टाकीतला हीटर. एकदा एका आजोबांची कंबर शेकायची विजेची गादी निघाली. आजोबा रुसले. वन्संनी ती गादी घरी आणली, एका कडेने उसवली, आतली सैल तार पक्की केली, मी ती परत शिवून दिली आणि वन्संनी ती नेऊन पोचवली. आता आजोबा त्यांना लांबून पाहिलं तरी आपणहून पंखा बंद करतात.

वन्सं म्हणजे माझी नणंद, आमच्या ह्यांची पाठची बहीण. वस्तीत त्यांना खरखरबाई म्हणतात, तेही तोंडावर. त्यांना त्याचं काही वाटत नाही. फोन उचलला की त्याच सांगतात, "खरखरबाई बोलतेय. काय वाजतंय तुमच्याकडे?"

वस्तीच्या पलीकडे माळावर मोठी पांढरी तबकडी आहे. ती रेडिओ दुर्बीण. तिच्या आसपासचा सगळा भाग शांत पट्टा म्हणून राखलेला आहे. इथे मोबाइल चालत नाहीत, घरोघरी जुने तारेचे फोन आहेत. नव्याने आलेल्या पाहुण्याला वाटतं, शांत पट्टा म्हणजे मोठ्याने बोलायचं नाही. तसं काही नाही. भांडा, गा, भांडी आपटा, दुर्बिणीला त्याचं सोयरसुतक नसतं. तिला त्रास होतो तो विजेच्या ठिणगीचा. कुठेही बारीकशी ठिणगी पडली की तिच्यातून रेडिओ लहरी निघतात, आणि आकाशातून येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण असतात की घरातल्या एका बिघडलेल्या बटणाने त्या झाकून जातात. अशी बटणं, तारा, मोटरी शोधून काढायची आणि शक्यतो दुरुस्त करून द्यायची, ही वन्संची नोकरी.

हे काम त्यांच्या अंगात लहानपणापासून होतं. माझ्या सासऱ्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. वन्सं टेबलाखाली बसून खेळायच्या आणि वर रेडिओ खरखरला की खालून सांगायच्या, "शेजारच्या काकूंनी मिक्सर लावला." सासूबाई म्हणायच्या, "पोरगी गाणं सोडून कचरा ऐकते." सासरे म्हणायचे, "गाणं सगळेच ऐकतात." पुढे त्या तंत्रनिकेतनात शिकल्या आणि दुर्बिणीवर लागल्या. पहिल्याच महिन्यात त्यांना एक खरखर मिळाली, ती काही केल्या पकडता येईना. गाडी घेऊन जातील तिकडे ती असायची, आणि उतरून नीट शोधायला लागलं की गायब. त्यांनी वरिष्ठांना जाऊन सांगितलं की हा उगम लाजरा आहे. वरिष्ठ म्हणाले, "बाई, तुमच्या गाडीचं इंजिन बंद केल्यावर तो लाजतो." इंजिनातल्या ठिणगीचाच त्या पाठलाग करत होत्या. ही गोष्ट नवीन आलेल्या प्रत्येक माणसाला त्या स्वतः सांगतात आणि आधी स्वतःच हसतात.

मी शाळेत विज्ञानात बरी होते. विद्युतचुंबकीय वर्णपटावर पाच ओळी लिहा असं आलं की मी सात लिहायचे. रेडिओ लहरी, सूक्ष्म लहरी, अवरक्त किरण, दृश्य प्रकाश, अतिनील किरण, क्ष-किरण, गॅमा किरण. सगळं तोंडपाठ. पण ही सगळी मंडळी आपल्याच घरात नांदतात, हे मला लग्नानंतर वन्संनी सांगितलं. टीव्हीच्या रिमोटच्या टोकाला न दिसणारा दिवा असतो, तो अवरक्त. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातली जंतू मारणारी नळी, ती अतिनील. सासूबाईंचं मनगट मोडलं तेव्हा दवाखान्यात जो फोटो काढला तो क्ष-किरणांचा, आणि त्यांना टोचलेली सुई कारखान्यात पाकिटासकट गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेली. "आणि हे सगळे एकाच जातीचे," वन्संनी सांगितलं होतं. "उजेडच सगळा. आपल्या डोळ्यांना त्यातली एक चिंचोळी पट्टी तेवढी दिसते, म्हणून बाकीच्यांना आपण परके समजतो."

मी विचारलं, "मग तुमची दुर्बीण ऐकते म्हणतात ते?"

"ऐकत नाही, बघतेच. पण लोकांना ऐकते म्हटलं की कळतं, म्हणून मीही तसंच म्हणते."

मी संध्याकाळी देवापुढे तेलाचा दिवा लावते. वन्संचा देवधर्म बेताचा, पण त्या दिव्यावर त्यांची मर्जी आहे. म्हणतात, "वहिनी, वस्तीत एवढा एकच शहाणा दिवा आहे. उजेड देतो, ऊब देतो, आणि माझ्या कामात लुडबुड करत नाही." मी म्हणते, कुणाच्या का निमित्ताने होईना, देवाचं कौतुक झालं.

आता मुख्य सांगायचं ते माझ्या ताईचं.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. वस्तीच्या टोकाला पत्र्याच्या छपराखाली तिचं शिवणघर आहे. पूर्वी ती कपड्यांच्या मोठ्या कारखान्यात होती. तिथे मशीन चालवण्यापासून शिवण तपासण्यापर्यंत सगळं करून शेवटी तिने स्वतःचं मांडलं. आठ मशीनं, आठ बायका आणि एक मोठी इस्त्री. दवाखान्यांचे झगे, चादरी, शाळांचे गणवेश असं काम असतं. बायका सगळ्या आसपासच्या, चालत येणाऱ्या. दोघी तर मुलं बरोबर आणतात, ती कापडाच्या गाठोड्यांवर झोपतात. शांत पट्ट्याबाहेर जायचं तर बसने बराच लांबचा पल्ला. शिवणघर तिकडे हललं असतं तर त्यातल्या एक-दोघीच जाऊ शकल्या असत्या. म्हणजे शिवणघर हललं असतं असं नाहीच, ते मोडलंच असतं.

तशी वेळ आली ती एका मोठ्या कामाच्या तोंडावर. दुर्बिणीवरच्या शास्त्रज्ञबाईंना फार जुनी लहर पकडायची होती. विश्वात पहिले तारे उजळायला लागले त्या वेळच्या वायूतून निघालेली. वन्संनी मला ती हाताने दाखवली. "निघाली तेव्हा अशी वीतभर लांब होती. वाटेत विश्व पसरत गेलं, तशी तीही ताणत गेली. इथे पोचते तेव्हा आपल्या दारापेक्षा लांब झालेली असते." ती पकडायला दुर्बीण महिनोन्महिने एकाच कामाला लावायची होती आणि त्याची तारीख ठरलेली होती. आणि नेमक्या त्या लहरीच्या जागी, रोज सकाळी वस्तीतली कामं सुरू झाली की खरखर यायची. दुपारच्या जेवणाच्या वेळी थांबायची, जेवण झालं की परत सुरू.

वन्सं अँटेना घेऊन निघाल्या. अँटेना शिवणघराच्या पत्र्याकडे वळली की तिला जोडलेल्या मापकाचा काटा चढायचा. त्या दोन दिवस येऊन उभ्या राहिल्या. बायका डबे उघडायच्या तेव्हा खरखर बंद, मशीनं सुरू झाली की खरखर सुरू. यात शंका घ्यायला जागाच नव्हती. त्यांनी दुर्बिणीवरच्या बैठकीत सांगून टाकलं, उगम शिवणघर. नियम असा की उगम दुरुस्त झाला तर ठीक, नाहीतर तो पट्ट्याबाहेर हलवायचा, तोही काम सुरू व्हायच्या आत.

ताईला हे कळलं आणि ती तडक माझ्या स्वयंपाकघरात आली.

"तुझी नणंद माझ्या छपरावर ती फणी रोखून उभी होती. मला वाटलं उवा शोधतेय."

मी म्हटलं, "ताई, बस तरी."

"बसते. माझी मशीनं बडबडी आहेत हे मला माहीत आहे. ती आभाळापर्यंत ऐकू जातात हे मला आज कळलं. आणि तेही बाहेरच्या माणसाकडून. घरातलं माणूस असून आधी मला सांगायला काय झालं होतं?"

वन्सं बाहेरच्या खोलीत होत्या. त्या आत आल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "ताई, घरातलं माणूस म्हणून आधी सांगितलं असतं तर उद्या लोक म्हणाले असते, खरखरबाईने वहिनीच्या माहेरची बाजू घेतली."

"मग आता कुणाची घेतली?"

"कुणाची नाही. मशीनं दुरुस्त करते ना मी. हाकलायला निघालेय का तुम्हाला?"

"आणि नाही झाली दुरुस्त तर?"

वन्संनी सरळ उत्तर दिलं. "तर हलवावं लागेल."

ताई उठून गेली. चहा तसाच राहिला. मी त्या दिवशी देवाकडे काय मागावं हेच मला कळेना. दोघींपैकी कुणी खोटं बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून वन्सं शिवणघरातच बसायला लागल्या. विजेच्या शिलाई मशीनमध्ये छोटी मोटर असते आणि तिच्यात कार्बनचे दोन तुकडे फिरत्या भागाला घासत राहतात. तिथे बारीक ठिणग्या पडतात. वन्संनी एकेका मशीनचा कार्बन बदलला, तारेला ठिणगीचा त्रास अडवणाऱ्या काळ्या कड्या घातल्या. एकेक मशीन एकटं चालवलं तर खरखर अगदी थोडी, कुजबुजीसारखी. सगळी मिळून लावली की कल्लोळ. त्या परत सगळं उघडायच्या.

बायका सुरुवातीला घुम्यासारख्या बसल्या होत्या. पण आठ बायका किती वेळ गप्प बसणार. एकीने विचारलं, "बाई, ह्या लहरी लहरी म्हणता, त्या असतात तरी कशा?" वन्संनी इकडे तिकडे बघितलं आणि कापडाची एक चिंधी उचलली.

"हा कच्चा टाका बघा. लांब लांब, नुसतं कापड धरून ठेवायला घालतो तो. ही झाली रेडिओची लहर. टाका लहान करत जा. मग येते ओव्हनमध्ये अन्न गरम करणारी, विमानांना वाट दाखवणारी. आणखी लहान केला की शेगडीची ऊब. मग डोळ्यांना दिसणारा उजेड, त्यातही तांबडा टाका मोठा, जांभळा लहान. त्याच्याही पुढे उन्हातला तो भाग, ज्याने कातडी भाजते. मग हाडांचा फोटो काढणारे क्ष-किरण. आणि सगळ्यात बारीक टाका गॅमाचा. तो दवाखान्यात गाठ जाळायला वापरतात. धागा एकच आणि धावण्याचा वेगही एकच. टाक्याची लांबी तेवढी वेगळी."

"आणि बारीक टाका जास्त पक्का?" दुसरीने विचारलं.

"जास्त जोरकस. म्हणून तर क्ष-किरणांच्या खोलीत बाहेरच्याला उभं राहू देत नाहीत, आणि रेडिओच्या लहरी आपल्या अंगावरून दिवसभर जातात तरी पत्ता लागत नाही."

ताई पलीकडे कापड बेतत होती. मान वर न करता म्हणाली, "शिकवणी झाली असेल तर गणवेशांची बटणं राहिलीत." पण चिंधी तिने उचलून बाजूला ठेवली, टाकली नाही. मी डबा घेऊन गेले होते तेव्हा पाहिलं.

सगळ्या मशीनांना कड्या लागल्या, सगळे कार्बन नवे झाले आणि खरखर होती तशीच राहिली. शास्त्रज्ञबाई स्वतः शिवणघरात येऊन गेल्या. बाई शांत, समजूतदार. त्या ताईला म्हणाल्या, "मला तुमचं काम बंद पाडायचं नाही. पण ही वेळ गेली तर आम्हाला पुन्हा मिळायला वर्षं जातील. ह्या आठवड्यात उपाय सापडला नाही तर मला हलवा म्हणून सांगावं लागेल." ताई म्हणाली, "कळलं." एवढंच. बाई गेल्यावर तिने आठही जणींना घरी जायला सांगितलं नाही, की रडली नाही. तिने एकीला उठवून तिचं मशीन आपल्याकडे ओढलं आणि वन्संपुढे हात केला.

"द्या ते कानाचं इकडे."

"काय?"

"माझ्यावर आळ आहे ना. मग काय वाजतं ते मला तरी ऐकू द्या."

वन्संनी हेडफोन काढून तिच्या कानांवर बसवले आणि अँटेना छपराकडे धरली. बाकी सातजणी मशीनं चालवत होत्या. ताईने डोळे मिटले आणि मशीनच्या पेडलवर पाय ठेवला. सुई हळू चालवली, मग भरधाव, मग परत हळू. मग तिने पाय उचलला आणि हाताने सगळ्यांना थांबा अशी खूण केली, मग सगळ्यांना एकदम सुरू करा अशी. दोनदा, तीनदा तसं केलं. मी डबा घेऊन आले होते, ती तशीच उभी राहून बघत राहिले. शेवटी तिने हेडफोन काढले.

"ही माझ्या मशीनांची बोली नाही."

वन्सं म्हणाल्या, "म्हणजे?"

"मशीनचा आवाज पायाबरोबर चढतो, पायाबरोबर उतरतो. इतकी वर्षं ऐकतेय मी, मला पलीकडच्या खोलीतून कळतं कोण घाईत आहे आणि कोण डुलक्या काढतंय. तुमचं हे जे आहे ते एकाच पट्टीत गुणगुणतंय. मी पाय दाबला तर फार तर मोठं होतं. वर चढत नाही. आठ जणी आठ तऱ्हेने चालवतायत आणि आवाज एकाच सुरात? असं होत नाही."

वन्संनी हेडफोन घेतले आणि खाली बाकावर बसल्या. "परत चालवा," म्हणाल्या. ताईने चालवलं. हळू, जोरात, हळू. वन्सं ऐकत होत्या. त्यांचा चेहरा मला नीट ओळखता येतो. एखादी गोष्ट पटली की त्या खालचा ओठ दाताखाली धरतात. तसा त्यांनी धरला.

मग म्हणाल्या, "सगळी मशीनं बंद करा. भिंतीतूनच काढा. आता नुसती इस्त्री लावा."

इस्त्री तापायला लागली. वन्संनी हेडफोन काढून माझ्याकडे दिले. खरखर तशीच होती, भरभरून.

"वहिनी, इस्त्रीत मोटर असते का?"

"नाही."

"कार्बन असतो?"

"नसावा."

"मग वाजतंय कोण?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता त्या ताईकडे वळल्या. "ताई, मी चुकले. तुमची मशीनं नाहीत ही. मशीनं लावा नाहीतर इस्त्री लावा, तारेतून वीज जास्त ओढली जाते आणि वाटेत कुठेतरी ठिणगी पडते. ठिणगी तारेवर आहे. मी तारेचं शेवटचं टोक पकडून बसले."

ताई म्हणाली, "पण ती फणी माझ्याच छपराकडे बोट दाखवत होती."

"पत्रा आहे ना तुमचा. आरशासारखा. कुठलीही लहर येते आणि त्याच्यावरून उलटते. मी आरशात बघून माणूस आरशामागे शोधत होते." त्या उठून झोळीत हात घालून काहीतरी शोधायला लागल्या. "आणि दुसरी चूक त्याहून मोठी. दुर्बिणीची तक्रार कच्च्या टाक्याची होती, म्हणून मीही कच्च्या टाक्यावरच शोधत राहिले. लांब टाका तारेवरून लांबवर पळतो, सगळीकडे सारखाच लागतो. जवळ आलं की बारीक टाक्यावर जायला हवं. तो तारेवर फार लांब जात नाही, उगमाजवळच घुटमळतो. हे मी दुसऱ्यांना शिकवते."

"आणि स्वतः?"

"स्वतः मला खात्री होती," वन्सं म्हणाल्या. "खात्री असली की माणूस तपासत नाही."

त्यांनी झोळीतून दुसरी अँटेना काढली, पहिलीपेक्षा लहान, आणि बाहेर पडल्या. इस्त्री चालू ठेवा असं सांगून ठेवलं होतं. ताई मागे, मी तिच्या मागे. तारेच्या खालून आम्ही खांबाखांबाने चालत गेलो. पहिल्या खांबापाशी थोडं वाजलं, दुसऱ्यापाशी जास्त. पाण्याच्या टाकीमागे तार वळते, तिथल्या खांबाशी वन्सं थांबल्या आणि पुढच्या खांबाकडे गेल्या, तिथे एकदम कमी झालं. त्या परत आल्या. झोळीतून लाकडी मोगरी काढली. ही त्यांची खास वस्तू, घरात कुणी हात लावलेला चालत नाही. मला म्हणाल्या, "हेडफोन तू घाल, आणि मी ठोकलं की काय होतं ते सांग."

त्यांनी खांबाला खाली एक जोराचा ठोका दिला. माझ्या कानातली खरखर कापल्यासारखी थांबली, मग दोनदा अडखळली आणि परत आली.

"थांबली," मी म्हटलं. "थांबली आणि आली."

"परत." त्यांनी परत ठोकलं. परत तसंच.

ताई वर बघत होती. वर काय दिसणार, चार तारा आणि एक चिमणी. वन्संनी मोगरी झोळीत ठेवली. "वरचा जोड सैल आहे. ठोका बसला की क्षणभर नीट टेकतो."

वीजखात्याचे वायरमनदादा आले. त्यांच्याकडे ऊब बघायचा कॅमेरा होता. त्यांनी तो वर रोखला आणि आम्हाला पडदा दाखवला. सगळं निळंजांभळं दिसत होतं आणि मधोमध एक जोड पांढराफटक, भोवती पिवळी कडा. मी कितीदा त्या खांबाखालून गेले असेन, मला कधी काही दिसलं नव्हतं.

वन्संना राहवलं नाही. "ठिणगी एकच आहे बघा. रेडिओवर तिची खरखर येते, ह्या कॅमेऱ्यात ऊब दिसते, काळोख असता तर कदाचित डोळ्यांना निळसर ठिपका दिसला असता. अतिनीलचा कॅमेरा असतो, त्यात ती भर उन्हातही दिसते. ज्याच्या त्याच्या डोळ्याप्रमाणे."

वायरमनदादा शिडी लावत म्हणाले, "बाई, मला ती उद्या तार तुटून खाली पडलेली दिसली असती. बरं झालं कळवलंत ते." त्यांनी वीज बंद केली, जुना जोड काढला, घासून नवा बसवला. जुना त्यांनी वन्संच्या हातावर ठेवला. एका बाजूने काळा पडून त्याला खड्डे पडले होते.

तेवढ्यावर प्रश्न सुटला नव्हता. बैठकीत सांगितलेलं बैठकीतच मोडायला हवं होतं. वन्संनी नुसतं कळवून टाकलं नाही. त्या सगळ्यांना पुन्हा एकत्र बोलवायला लावून स्वतः उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते मला नंतर त्यांच्याच तोंडून कळलं. म्हणाल्या, "मागच्या वेळी मी शिवणघर उगम आहे असं सांगितलं होतं. ते चूक होतं. उगम खांबावरचा जोड होता. तो मी शोधला नाही, शिवणघराच्या मालकीणबाईंच्या कानाने शोधला. मी मोगरी मारली." एकाने विचारलं की तरी खबरदारी म्हणून शिवणघर हलवलेलं बरं नाही का. शास्त्रज्ञबाई म्हणाल्या, "खबरदारी म्हणून मी दुर्बीण लावून बघते. सगळी मशीनं एकदम चालू असताना शांत असेल तर ते जिथे आहे तिथे राहील. नसेल तर हलेल."

वन्संना हे योग्य वाटलं. ताईलाही. मला मात्र त्या दिवशी सकाळी पूजेत मन लागलं नाही. हात जोडले आणि म्हटलं, तुला सगळं दिसतं, आमचं एवढं बघ. आणि शिवणघरात जाऊन बसले.

ठरलं असं होतं की दुर्बीण त्या जुन्या लहरीवर लावून तयार झाली की शास्त्रज्ञबाई फोन करतील आणि मग मशीनं लावायची. ताईला असं वाट बघत बसणं जमण्यातलं नव्हतं. दवाखान्याचे झगे द्यायचे होते. ती म्हणाली, "त्यांची तयारी होईपर्यंत आपण काय हातावर हात ठेवायचे? चला." आठही मशीनं सुरू झाली. इस्त्री तापली. एकीने तर पंखाही लावला, कुणी काही म्हटलं नाही. वन्सं दारात उभ्या होत्या, हेडफोन गळ्यात, कानांवर चढवलेले नव्हते. मी विचारलं, "ऐकत नाही का?"

"माझं ऐकून झालंय, वहिनी. आता त्यांचं."

बराच वेळ गेला. पहिल्या गठ्ठ्यातले झगे घडी होऊन टेबलावर आले. मग फोन वाजला. ताई उठली, एका हाताने एक कान झाकत दुसऱ्या हाताने तिने फोन घेतला. मशीनं एवढी धडधडत होती की ती जवळजवळ ओरडूनच बोलत होती.

"हो, मीच. काय म्हणता? आता लावू?"

पलीकडून काहीतरी बोलणं झालं. ताईने वन्संकडे बघितलं. मग परत फोनमध्ये म्हणाली, "बाई, तुमच्याकडे आत्ता काय दिसतंय ते आधी सांगा."

पलीकडून उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. ताईने मान हलवली.

"काहीच नाही? नक्की? मग हे ऐका." आणि तिने फोनचा रिसीव्हर आठ मशीनांकडे तोंड करून हवेत धरला. तिघी-चौघी वर बघून हसल्या, पण पाय कुणी उचलला नाही. "केव्हाची लावलीत. झगे घडी होऊन पडलेत इथे."

तिने फोन परत कानाला लावला. बराच वेळ ऐकत राहिली. चेहरा हळूहळू सैल झाला. "बरं," म्हणाली. "बरं. तुमच्याही कामाला यश येवो." फोन ठेवून ती वळली. सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या.

"आपण इथेच," ती म्हणाली.

वन्सं दारातून आत आल्या आणि ताईसमोर उभ्या राहिल्या. ताईने त्यांच्या गळ्यातले हेडफोन हाताने सरळ केले, सुनेच्या पदराची घडी सारखी करावी तसे.

"पुढच्या वेळी कुठे अडलात," ताई म्हणाली, "तर मला बोलवा. पण गणवेशाच्या हंगामात नाही."

"बोलवेन."

"आणि चहा राहिलाय माझा. तुमच्या घरचा. तो आधी पाजा."

मग ती तिसऱ्या मशीनपाशी गेली आणि तिथल्या बाईच्या हातातून झगा घेऊन शिवण उजेडात धरून बघू लागली.